‘सगळं यूटीसीत टाका, विषय संपला’ असं म्हणणाऱ्यांसाठी

अंबाजोगाईकर
काल वाळूजकरांनी लिहिलं, "वेळ यूटीसीत साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा, विषय संपला. भारतात डीएसटी कधीच नव्हता, मराठवाड्यातल्या पोरांनी त्यात डोकं घालू नये." हे वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. (नव्यांसाठी : यूटीसी म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, डीएसटी म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत.)

गावाकडच्या एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी दोन वर्षं सांभाळलं. केंद्र पहाटे पाचला उघडतं. सर्व्हर यूटीसीवर. सकाळची पाळी की संध्याकाळची, हे सर्व्हरच्या तासावरून ठरायचं. पहाटेचे पाच म्हणजे त्याच्या लेखी आदल्या रात्रीचे साडेअकरा. म्हणजे तारीख आदली आणि पाळी संध्याकाळची. त्या शेतकऱ्याची आदल्या संध्याकाळची खरी नोंद आधीच असायची, त्यामुळे ही दुबार समजून टाकली जायची. साडेपाचनंतर येणाऱ्याचं सगळं बरोबर. दहा दिवसांचा पगार निघाला की जो सगळ्यात लवकर उठून येतो त्याचंच दूध कमी! एक आजी स्वतःची वही घेऊन आल्या. दहापैकी तीन सकाळी त्यांना उशीर झाला होता, तेवढ्या तीनच लागल्या होत्या. सांगा, यात डीएसटी कुठं आला?

झालेली घटना यूटीसीत ठेवा, मान्य. पण ती कोणत्या गावाच्या कोणत्या दिवसात मोजायची, हे यूटीसी सांगत नाही. आणि पुढे व्हायची गोष्ट नुसती यूटीसीत ठेवणं तर सरळ चूक आहे.

वाळूजकर
दादा, यात यूटीसीचा काय दोष? झोन, म्हणजे कोणत्या प्रदेशाची वेळ ते, न बदलता तारीख काढली, ती चूक कोड लिहिणाऱ्याची. मी दहा वर्षं यूटीसीच वापरतोय. स्थानिक वेळ साठवणाऱ्यांनी केलेली घाण मी उपसली आहे. अमेरिकेतल्या एका ग्राहकाचा बॅकअप रात्री अडीचला लावलेला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे दोन वाजले की थेट तीन होतात, अडीच वाजतच नाहीत. बॅकअप झालाच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो, तर दीडची बिलं दोनदा गेली. यूटीसीवर नेल्यावर दोन्ही थांबलं. आता बोला.

परभणीची बॅकएंडवाली
"कधीच नव्हता" हे चूक आहे, सर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, म्हणजे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे. सगळ्या झोनचे नियम ठेवणाऱ्या डेटाबेसात, भारताच्या ‘एशिया/कोलकाता’ या नावाखाली, ते आजही नोंदलेलं आहे आणि जावा ही प्रोग्रामिंगची भाषा ते इमानेइतबारे वापरते.

निवृत्तिवेतनाच्या नोंदी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत नेताना आमची याच गोष्टीवर फसगत झाली. १९४४ची जन्मतारीख, वेळ रात्री बाराची धरलेली. एका बाजूने साडेसहा तास वजा केले, दुसऱ्या बाजूने तुमच्या सल्ल्याप्रमाणे साडेपाच मिळवले. उत्तर आलं आदल्या रात्रीचे अकरा. जन्मतारीख एक दिवस मागे! हयातीचा दाखला द्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तारीख जुळत नाही म्हणून परत पाठवलं गेलं. जन्मतारखेला वेळ नसते. ती नुसत्या तारखेच्या कॉलमात ठेवायची, यूटीसीत नाही.

लातूरची रात्रपाळी
तुम्ही बॅकअपचं आणि कॉलमचं बोलायलाव, माणसांचं कोण बोलणार? आमची मीटिंग न्यूयॉर्कच्या सकाळी अकराला. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेआठ, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेनऊ. घड्याळ त्यांनी हलवायचं आणि जेवण, झोप, लेकरू आम्ही हलवायचं. पोरगी विचारते, बाबा आजपासून उशिरा का? तिला काय सांगू? चार वर्षांत एकदाही तिकडून कुणी म्हणालं नाही की या हिवाळ्यात आम्ही दहाला बसतो.

वाळूजकर
नोकरी घेताना वेळ माहीत नव्हती का? पगार डॉलरच्या हिशोबाने हवा आणि तास आपल्या सोयीचे हवेत, असं चालत नाही. आणि हा धागा बग्सचा आहे.

लातूरची रात्रपाळी
डॉलरच्या हिशोबाने पगार कुणाला मिळायला? तुम्हाला मिळत असेल. ऑफर लेटरवर ‘सायंकाळी ८:३०, आयएसटी’ एवढंच छापलेलं होतं. आयएसटी इस्रायलचीही असते आणि आयर्लंडचीही, पण मी तर भारताचीच धरली ना? मग साडेनऊ कुठून आले?

जालना ते पुणे
भाऊ, तुम्ही निदान घरी बसून साडेनऊची मीटिंग करता. मी पुण्यात खोलीवर एकटा करतो आणि आईचा फोन त्याच वेळी येतो. आमच्यात लंडनही आहे. मार्चमध्ये अमेरिका आधी बदलते आणि युरोप शेवटच्या रविवारी, म्हणून मधले दोन-तीन आठवडे कोण कधी येणार याचा मेळच नसतो. गेल्या वर्षी त्या आठवड्यांत मी दोनदा ‘गैरहजर’ लागलो. मॅनेजर पुण्याचाच, तरी त्याने ऐकून घेतलं नाही.

लातूरची रात्रपाळी
आणि वाळूजकर म्हणायलेत, डोकं घालू नका. कामून नाही घालायचं? भोगायचं आम्हीच ना?

वाळूजकर
माझी भाषा कडक होती, ते मागे घेतो. तांत्रिक मुद्दा घेत नाही.

अंबाजोगाईकर
तांत्रिक मुद्दा याच मीटिंगमध्ये आहे. ती ‘न्यूयॉर्कचे अकरा’ अशी ठरली आहे. तुमच्या पद्धतीने यूटीसीत ठेवली असती तर नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कवाले दहाला बसले असते. लातूरच्या भावांना ते आवडलं असतं, पण ठरलं होतं ते नव्हे.

याहून वाईट म्हणजे नियमच बदलतात. ऑक्टोबर २०२२मध्ये मेक्सिकोने बहुतेक देशासाठी डीएसटी रद्द केला. मी तेव्हा तिथल्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटच्या कामावर होतो. मेक्सिको सिटीत एप्रिल २०२३मधल्या सकाळी दहाच्या अपॉइंटमेंट कायद्याआधीच यूटीसीत साठवून झाल्या होत्या, १५:०० म्हणून. नवा नियम आल्यावर स्क्रीनवर नऊ दिसायला लागले. डॉक्टर दहाला येणार, रुग्ण नऊला. सगळ्या नोंदी शोधून दुरुस्त करायला अकरा दिवस गेले, कारण मूळ ‘दहा’ कुठंच लिहिलेलं नव्हतं.

परभणीची बॅकएंडवाली
म्हणून आम्ही तीन कॉलम ठेवतो : माणसाने सांगितलेली वेळ, झोनचं नाव आणि त्यावरून काढलेली यूटीसी. झोनचा डेटा बदलला की तिसरा कॉलम पुन्हा काढायचा. झोनच्या जागी नुसतं ‘अधिक साडेपाच’ लिहायचं नाही. आकड्यावरून पुढचा नियम कळत नाही, नावावरून कळतो.

वाळूजकर
ठीक. पुढच्या अपॉइंटमेंटपुरतं मान्य करतो, मेक्सिकोचं उदाहरण खोडता येत नाही. जन्मतारखेचंही मान्य. पण लॉग (सिस्टिममध्ये काय कधी घडलं याच्या नोंदी), पैशांचे व्यवहार आणि बॅकअप यूटीसीतच, तिथं मी हटणार नाही. आणि दुधाची चूक कोडरचीच होती.

अंबाजोगाईकर
तो कोडर मीच. दुरुस्तीही मीच केली.

जालना ते पुणे
त्या आजींचे पैसे मिळाले का?

अंबाजोगाईकर
वहीतल्या त्या सात सकाळींचे पुढच्या पगारात मिळाले. त्याआधीच्या महिन्यांचे नाही. दुबार म्हणून टाकलेल्या नोंदी मी कुठंच साठवल्या नव्हत्या, आणि वही त्यांनी त्याच महिन्यापासून धरली होती.