आयर्लंडचा वाइल्ड अटलांटिक वे : 10 दिवसांत अख्खा होईल का?

धंतोलीकर
जूनमध्ये नागपूरहून चौघं जातोय, सोबत 66 वर्षांची आई. डब्लिनला गाडी घ्यायची आणि पश्चिम किनाऱ्याने किन्सेल ते मॅलिन हेड हा पूर्ण 2,500 किमीचा रस्ता 10 दिवसांत करायचा. दिवसाला 250 किमी, म्हणजे समृद्धीवर अडीच तासांचं काम. स्केलिग मायकल आणि अरान बेटंही बघायची आहेत. जमेल का? इथलं लायसन्स चालतं का?

किनारा_वेडा
भाऊ, समृद्धीचा हिशेब तिथे लावूच नका. किनाऱ्याचा रस्ता बराचसा चिखलदऱ्याच्या घाटाइतका अरुंद. 'एल' क्रमांकाच्या ग्रामीण रस्त्यांवर फेब्रुवारी 2025 पासून मर्यादाच ताशी 60 किमी आहे, आणि वळणांवर तेवढाही वेग मिळत नाही. 150 किमीत दिवस संपतो. उत्तरेचा डोनेगल परगणा सोडा, मॅलिन हेड त्यातच येतं.

डब्लिनहून थेट किलार्नी गाठा, साधारण 4 तास. तिथे 1 रात्र, मग पोर्टमगी 2, डिंगल 2, डूलिन 2, क्लिफडेन 2, शेवटची डब्लिनला. डिंगलहून डूलिनला जाताना टार्बर्ट ते किलिमर फेरीबोटीत गाडी चढवा. 20 मिनिटांत शॅनन नदी पार होते, लिमरिकचा मोठा वळसा वाचतो. डिंगलजवळचा स्ली हेडचा फेरा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच करा. उलटे गेलात तर समोरून बस येते आणि दगडी भिंतीला खेटून रिव्हर्स घ्यावा लागतो.

स्केलिगवर दिवसाला 180 जणच उतरतात, तेही मे मध्य ते सप्टेंबर. तिकीट आत्ताच काढा, आणि पोर्टमगीतल्या पहिल्याच सकाळचं काढा, बोट तिथूनच सुटते. कडक ऊन असलं तरी दूरच्या वादळाची लाट आली की बोट रद्द होते, कारण बोट वरखाली होत असताना दगडी पायरीवर पाय टाकायचा असतो. पुढे 618 पायऱ्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, बेटावर स्वच्छतागृह नाही. आईंसाठी न उतरता बेटाभोवती फिरवणारी बोट घ्या. जूनमध्ये पफिन पक्षी तिथूनही दिसतात.

बजाजनगर_49
लायसन्स चालतं, पण गाडी देणारे बऱ्याचदा आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात. तो काढूनच ठेवा. फॉर्म 4ए, फी 1,000 रुपये, मुदत 1 वर्ष. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही.

चूक होते ती डाव्या बाजूला. झुडपांच्या आत दगडी भिंत दडलेली असते आणि टायरची बाजू चिरते. साध्या विम्यात टायर, काच, आरसा बरेचदा येत नाहीत, कागद वाचून घ्या. कड्यांवर गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. मागून वारा असला की उघडलेलं दार हातातून सुटून बिजागरीसकट वाकतं.

धंतोलीकर
डोनेगल सोडतो. पण वेळ उरला तर मॅलिन हेडहून डेरीमार्गे डब्लिनला यावं का?

किनारा_वेडा
आधी व्हिसा बघा! डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. सीमेवर चौकी नाही, पाटीही ठळक नाही, पण व्हिसा लागतोच. आयर्लंडच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटन-आयर्लंडची सामायिक व्हिसा योजना) शिक्का असेल तर चालतं, नाहीतर लेटरकेनी–स्लायगोमार्गे परता. शेंगेन व्हिसा या दोन्हीपैकी कुठेच चालत नाही.

अरानबद्दल राहिलं. पाहुण्यांची गाडी बोटीवर घेत नाहीत, किनाऱ्यावर ठेवायची. डूलिनचा धक्का उघड्या समुद्राकडे आहे, लाट असली की फेरी बंद. मग क्लिफडेनला जाताना रोसाव्हीलहून अरानपैकी इनिशमोर बेट करा, 40 मिनिटं लागतात. तिथे मिनीबस मिळते, पण दून एंगसच्या किल्ल्यापर्यंतचा शेवटचा खडकाळ चढ पायीच. आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर अरानमधलंच इनिशियर बरं, घोडागाडीत बसून बेट होतं.

क्लिफडेनजवळचं ओमी बेट ओहोटीला वाळूवरून गाठता येतं, बाणांचे खांबही रोवलेले आहेत. भाड्याची गाडी मात्र उतरवू नका. क्लाडाडफला ठेवा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, पाणी उतरत असतानाच चालत जा आणि ते फिरायच्या आत परता.

बजाजनगर_49
आणि पंपावर स्वतःच भरायचं असतं. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. डब्लिनच्या एम50 वर टोलनाका नाही, पैसे दुसऱ्या दिवशी रात्री 8 च्या आत ऑनलाइन भरायचे. गाडी घेताना ते भाड्यात धरलेत का, हे विचारा.