मदत हवी आहे: ड्रायसूटमध्ये पाय वर जातात, वजन वाढवू का?

लेस्टरकर
शनिवारी परत पाण्यात उतरायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा. गेल्या रविवारी स्टोनी कोव्हला ड्रायसूटमधली (आत पाणी न येऊ देणारा, हवा भरायचा सूट) माझी पाचवी डायव्ह होती. परतताना सात मीटर खोलीवरच्या कपारीवर आलो आणि सूटमधली सगळी हवा पायांकडे गेली. बुटांत फुगे, डावी फिन निसटायला आलेली, डोकं खाली. तसाच उलटा वर आलो. जाम घाबरलोय. अंदमानात वेटसूटवर ४ किलोत छान तरंगायचो, इथे १६ लावूनही वर जातोय. अजून २ लावू का?

खोलपाणी
नको! आधी हे सांग: सूट निओप्रीनचा (जाड, फोमसारखा) की ट्रायलॅमिनेट (पातळ, तीन थरांचं कापड)? आत काय घालतोस? सिलिंडर कुठलं, आणि वर आलास तेव्हा त्यात किती बार (हवेचा दाब) उरले होते? आणि त्यानंतर सांधे दुखणं, मुंग्या येणं असं काही झालं का? झालं असेल तर इथे लिहीत बसू नकोस, आधी डॉक्टरांना फोन कर.

निळाई
घोट्यांना वजनं लाव. प्रत्येकी अर्धा किलो. मलाही हाच त्रास होता, पहिल्याच डायव्हला थांबला.

खोलपाणी
निळाईताई, त्याने पाय खाली राहतील, पण जास्तीची हवा सूटमध्येच राहणार. शिवाय प्रत्येक किकला ते ओझं ओढायचं.

निळाई
माझी तीन वर्षं त्यावरच चालली आहेत. सगळ्यांची शरीरं सारखी नसतात.

बर्फाळ
मानेच्या सीलला टाल्कम पावडर लावत जा आणि झिपला मेण. माझा सूट गळायचा तो त्यानेच थांबला.

लेस्टरकर
सूट गळत नाहीये हो. ट्रायलॅमिनेट आहे, मित्राचा, मला पायांत थोडा सैल. आत जाड अंडरसूट. १२ लिटरचं स्टील, ६० बार उरले होते. दुखत वगैरे काही नाही. वजनाचं सांगा ना.

मालवणचो
अंदमानात कुठे केलीस, हॅवलॉकला? आमच्या तारकर्लीलाही ये एकदा. पावसाळा सोडून कधीही.

खोलपाणी
बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटात) हवा भरतोस की सगळी सूटमध्येच?

लेस्टरकर
सगळी सूटमध्ये. तसंच शिकवलंय.

निळाई
बरोबरच आहे. नवशिक्याने दोन ठिकाणची हवा कशी सांभाळायची?

खोलपाणी
वजन बेताचं असेल तर चालतं. जास्त असेल तर ते तोलायला जास्त हवा लागते, आणि ती जिथे उंच जागा सापडेल तिथे पळते. सैल बूट म्हणजे तिचं घरच. सात मीटरवरची १० लिटर हवा वर येईतो १७ लिटर होते, तेव्हा शेवटचे मीटरच सगळ्यात घातक. मी सूटमध्ये दाब जाणवणार नाही एवढीच ठेवतो, बाकी बीसीडीत. आता सांग, हे १६ किलो कुठे ठरवले?

लेस्टरकर
प्लायमाउथला, कोर्सच्या वेळी. तिथे इन्स्ट्रक्टरने लावून दिले, तोच बेल्ट वापरतोय.

खोलपाणी
अरे, हे आधी सांगायचं! प्लायमाउथ म्हणजे समुद्र, आणि स्टोनी कोव्ह गोड्या पाण्याची जुनी खाण. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड. तू, सूट, सिलिंडर, वजनं मिळून ११० किलो धरलं तरी पावणेतीन किलो तू उगाच वाहतोयस, आणि त्यांना तोलायला जवळजवळ तेवढेच लिटर हवा सूटमध्ये जास्त.

शनिवारी १३ ने सुरुवात कर. शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार उरल्यावर, पाच मीटरवर, बीसीडी पूर्ण रिकामी आणि सूटमध्ये उबेपुरती हवा ठेवून स्थिर राहता येतं का बघ. आलं तर वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरने उतरताना अडीच किलो जड वाटेल, ती आतल्या हवेची असतात. एकटा जाऊ नकोस, जोडीदाराला दोरीजवळ ठेव.

निळाई
आणि डाव्या दंडावरचा डंप व्हॉल्व्ह (सूटमधली हवा बाहेर सोडणारा) पूर्ण उघडा ठेव. वर येताना कोपर उचल, तो सगळ्यात उंच आला तरच हवा निघते. पाय वर गेलेच तर गुडघे छातीशी घेऊन गोळा हो, पाय झटकून उलट, मग कोपर वर. हे आधी उथळ पाण्यात दहादा करून बघ.

लेस्टरकर
व्हॉल्व्ह अर्धाच उघडा होता. पाणी शिरेल म्हणून मीच फिरवला होता.

लेस्टरकर (शनिवार रात्री)
१३ ने उतरलो, शेवटी जोडीदाराने एक काढून घेतला. ५२ बारला पाच मीटरवर तीन मिनिटं दोरीला हात न लावता थांबलो. पाय एकदा वर गेले, गोळा झालो, सुटलो. आता स्वतःचा सूट मापाने घ्यायचाय. पायांकडून घट्ट कुठला बसतो, सांगा.