मदत हवी आहे: बिग बेंडच्या आधी ब्रेझोस बेंडला आरव्हीची रंगीत तालीम

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि बाथरूमची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन ह्यूस्टनहून टेक्सासमधल्याच बिग बेंड नॅशनल पार्कला जायचा विचार आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ऑक्टोबरमध्ये नाशिकहून येणारे सासू-सासरे. अंतर सुमारे 600 मैल. आमच्यापैकी कुणीच एवढं मोठं वाहन चालवलेलं नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये ब्रेझोस बेंड स्टेट पार्कमध्ये शुक्रवार ते रविवार तालीम करायचं ठरवलं आहे. घरापासून तासाभराचा सपाट रस्ता, काही अडलंच तर परत येता येईल. जागा आरक्षित झाली आहे. तिथे 30 अँपची वीज आणि पाण्याचा नळ आहे, सांडपाण्याची जोडणी नाही.

भाड्याची गाडी 25 फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावरही पलंग असलेला प्रकार) आहे. व्हिडिओ भरपूर पाहिले, पण ते बहुतेक दोघांच्या संसाराचे. आमचा प्रश्न सहा माणसांचा आहे, आणि त्यातले दोघे सत्तरीच्या पुढचे. बाबांचे गुडघे दुखतात. गाडीच्या पायऱ्या अरुंद आणि उंच असतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्यांना हा प्रवास मनापासून हवा आहे आणि तो त्यांना सुखाचा व्हावा, एवढीच माझी धडपड आहे. त्यांना कुठला पलंग द्यावा? पायऱ्यांसाठी काही सोय करता येते का?

दुसरं, स्वयंपाक. 30 अँप म्हणजे 120 व्होल्टवर 3600 वॅट. एसी चालू असताना इंडक्शन लावलं तर ब्रेकर पडेल ना? आईंना सकाळचा चहा आणि दोन्ही वेळचं गरम जेवण लागतं.

तिसरं, पाणी. बिग बेंडला एखादी रात्र जोडणीशिवाय काढावी लागली तर सहा जणांना टाकीतलं पाणी कितपत पुरेल, याचा अंदाजच येत नाही. तालमीत हे कसं तपासावं?

अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

प्रतिसाद

ताई, आधी तालीम करताय हे फार चांगलं. आम्ही आई-बाबांना घेऊन असे बरेच प्रवास केले आहेत, त्यावरून लिहितो.

बाबांना मागचा, जमिनीलगतचा पलंग द्या, शक्यतो बाथरूमजवळचा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा मुलांना. दाराबाहेर ठेवायचा रुंद, न हलणारा प्लॅटफॉर्म स्टेप मिळतो, तो घ्याच. गाडी ताब्यात घ्यायला बाबांनाही न्या आणि त्यांना आत-बाहेर चढउतार करून पाहू द्या. पटली नाही तर तेव्हाच गाडी बदलता येते. मुलं बूस्टर सीटवर बसत असतील तर खांद्यावरून जाणारा पट्टा लागतो. डायनेटच्या, म्हणजे आतल्या जेवणाच्या टेबलाच्या, बाकांना बऱ्याचदा फक्त कमरेचा पट्टा असतो, हे भाड्याने देणाऱ्याला आधीच विचारा.

तुमचा हिशोब बरोबर आहे. एसी 12 ते 15 अँप घेतो, इंडक्शन जोरात लावलं की आणखी 15. स्वयंपाक प्रोपेनच्या शेगडीवर करा. फोडणी मात्र बाहेर, पार्कच्या टेबलावर छोटी शेगडी मांडून. आत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म वाजतो आणि वास गादीत मुरतो.

पाण्यासाठी एक करा. शुक्रवारी सगळं जोडून राहा. शनिवारी सकाळी टाकी भरून घ्या, मग नळ आणि वीज दोन्ही काढा आणि रविवारपर्यंत तसेच राहा. सहा जणांत ताज्या पाण्याआधी बहुधा ग्रे टँक (बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी) भरेल, कारण भांडी. खरकटं, तेलकट ताटं आधी कागदाने पुसा. आंघोळी पार्कच्या शॉवरमध्ये. ब्लॅक टँकचा (शौचालयाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह मुक्कामात बंदच ठेवा. निघताना डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम दोघांनीही एकदा स्वतःच्या हातांनी करा.

मागे घेताना एकाने बाहेर उभं राहून सांगायचं. तो आरशात दिसेनासा झाला की ड्रायव्हरने लगेच थांबायचं. गाडीची उंची लिहून समोर चिकटवा. ड्राइव्ह-थ्रूच्या छपराखाली ती जाणार नाही.

आणि महत्त्वाचं: बिग बेंडमधल्या चिसोस बेसिन या डोंगराळ भागाचा रस्ता 24 फुटांपेक्षा लांब आरव्हींना योग्य नाही, असं पार्कच सांगतं. तुमची 25 फुटी आहे. गाडी पार्कमधल्याच रिओ ग्रांदे व्हिलेजला लावा, तिथे फुल हुकअपच्या (वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडण्यांच्या) जागा आहेत. बेसिन पाहायचंच असेल तर लहान गाडी भाड्याने घेतलेली बरी.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. 24 फुटांचं माहीतच नव्हतं. 22 फुटीत सहा जण मावतील का, हे विचारते. शनिवारी वीज काढायची ठरली, पण बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं विजेवरचं यंत्र) लागतं. गाडीच्या बॅटरीवर ते सकाळपर्यंत चालतं का? कुणी वापरलं आहे का?