अनुभव धागा : परसातून ताटात, कुंपणावरून शेजारी

पाऊस लागला की गोव्यात कुणाचं ना कुणाचं परस ओसंडतं. एका घरी घोसाळी वेलीवरच जून होतात, पलीकडच्या घरी रोज नुसतं शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, त्यात बटाटा-रताळं धरत नाहीत. एक दिवस मी माझ्या ताटातलं काट्यावर घातलं, ते दीडशेच्या पुढे गेलं नाही. तेव्हापासून माझे पेरू शेजारी जातात, तिकडून भाजी येते. तुमच्याकडे ही देवघेव कशी चालते? मोकळेपणानं लिहा.

प्रियोळ
लग्न होऊन आले तेव्हा तायकिळा (टाकळा) मला तण वाटायचा. शेजारच्या काकी पहिल्या पावसानंतर सूपभर घेऊन आल्या आणि पायरीवर बसून खुडायला शिकवलं. "फक्त शेंड्याची कोवळी पानं घे गो, जून पान कडू लागतं." बारीक चिरायचा, उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून घालायच्या, कांदा, मिरची, वरून ओलं खोबरं. तेऱ्याचंही, म्हणजे रानअळवाचंही त्यांनीच सांगितलं: बिंबलं किंवा आंबाडा असं आंबट फळ घातल्याशिवाय शिजवायचं नाही, घसा खाजतो. बाजारातली महागडी ब्रोकोली आणण्यापेक्षा ही माहिती मला शंभरपट मोलाची वाटते. काकी आता वाकू शकत नाहीत. यंदा सूप मी भरून नेलं.

म्हापसा
फ्लॅटमध्ये परस कुठलं! गच्चीवर पाच कुंड्यांत सात शिरांची भेंडी लावली. श्रावणात एकदम इतकी आली की घरात संपेना. चार दारांवर वाटली. समोरच्या घराशी पार्किंगवरून वर्षभर बोलणं बंद होतं, तिथं बेल वाजवताना हात थबकला. वहिनींनी डबा घेतला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच डबा परत आला, आत अळसांद्याची (गोव्याच्या चवळीची) भाजी, अजून गरम. डबा रिकामा परत करायचा नाही हे दोन्ही घरांना लहानपणापासून ठाऊक होतं. गाड्यांचं आम्ही अजून बोललेलो नाही, पण डबा आठवड्याला एक खेप करतोच.

फोंडा
एक कळकळीची सूचना. आमच्या झाडाची करमलां (स्टारफ्रूट) आम्ही वाडाभर वाटायचो. शेजारच्या बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंड निकामी असलेल्यानं हे फळ अजिबात खाऊ नये, त्यातलं विष शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर चढतं. आता देण्याआधी घरात कोण आजारी आहे ते विचारते. बाबांना काय चालेल तेही त्यांच्या सुनेलाच विचारून पाठवते.

साळगाव
आमचा सात वर्षांचा मुलगा तांबडी भाजी ताटाच्या कडेला सारायचा. शेजारच्या आंटीनं त्याला मातीत बसवून बी फेकायला लावलं. रोज संध्याकाळी तो पेल्यानं पाणी घालायचा. महिन्याभरानं मुळासकट उपटलेली जुडी छातीशी धरून घरी आला, शर्टावर माती, बोटं लालसर. निवडायला बसला, धुतली तीन पाण्यांत. कढईत पडल्यावर ती एवढीशी झाली तेव्हा मात्र रडवेला झाला. मग मूठभर भाजी त्यानंच चार वाटे करून वाढली. आंटीचा वाटा झाकून आधी तिच्याकडे दिला, मगच जेवायला बसला.