नाकातील पॉलिपसाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा गुण टिकत नाही. तोच कोर्स पुन्हा घ्यावा का?

प्राजक्त

माझ्या दोन्ही नाकपुड्यांमध्ये पॉलिप असल्याचे एंडोस्कोपीत आणि सीटी स्कॅनमध्ये दिसले आहे. नाक सतत चोंदलेले असणे आणि वास अजिबात न येणे या दोन तक्रारी बराच काळ होत्या. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचा दोन आठवड्यांचा कोर्स दिला आणि मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे नाकात रोज मारायला सांगितला. गोळ्या सुरू होताच काही दिवसांत नाक मोकळे झाले, वास परत आला; परंतु कोर्स संपून काही आठवडे होतात न होतात तोच वास पुन्हा मंदावू लागला असून रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो आहे. स्प्रे अजून चालू आहे.

गोळ्यांनी पॉलिप आक्रसले होते, तर ते परत का फुगावेत? जुनी चिठ्ठी दाखवून तोच कोर्स पुन्हा घेतला तर चालेल का? घरातील एक जण म्हणतात की स्टेरॉइडला हातही लावू नये, दुसरे म्हणतात की ज्याने गुण येतो ते घ्यायला हरकत काय. माझी रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, हेही सांगून ठेवते.

कान-नाक-घसा

मी याच शाखेत काम करतो. आपल्याला तपासल्याशिवाय आपल्यापुरता निर्णय मी देऊ शकत नाही, पण आपल्या प्रश्नांमागील वैद्यकीय भाग स्पष्ट करतो.

पॉलिप म्हणजे नाकात वेगळी उगवलेली गाठ नव्हे. नाक आणि सायनस यांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ दाह राहिला की ते अस्तर पाणी धरून सुजते आणि लोंबू लागते. दोन डोळ्यांच्या मधल्या भागात ज्या लहान लहान पोकळ्या असतात तेथे हे प्रामुख्याने घडते. अनेक रुग्णांत या दाहामागे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि इंटरल्यूकिन ४, ५ व १३ ही रासायनिक द्रव्ये असतात. प्रेडनिसोलोन हा दाह जोरकसपणे दाबते, त्यामुळे सूज ओसरते आणि पॉलिप लहान होतात. दाह निर्माण करण्याची अस्तराची प्रवृत्ती मात्र तशीच राहते, म्हणून औषधाचा अंमल सरला की सूज परतते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासाचा) निष्कर्षही असाच आहे: दोन ते तीन आठवड्यांच्या कोर्सच्या अखेरीस रुग्णांना बरे वाटते, परंतु तीन ते सहा महिन्यांनी पाहिले तर गोळ्या घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत फारसा फरक उरत नाही.

मग गोळ्या द्यायच्याच कशाला, असे कोणीही विचारेल. पॉलिपने नाक भरलेले असताना स्प्रे पुढच्या भागातच अडतो. गोळ्यांनी वाट मोकळी झाली की तो जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचतो. हा आजार वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवण्याचे काम स्प्रेचे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचे आहे. मोमेटासोन किंवा त्याच प्रकारचे फ्लुटिकासोन नाकातून रक्तात अत्यल्प प्रमाणात जाते, त्यामुळे ते दीर्घकाळ वापरता येते. गोळ्यांचे तसे नाही. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, स्प्रेने आजार आटोक्यात राहत नसेल तर वर्षातून एक किंवा दोन छोटे कोर्स जोडीला देता येतात. त्याहून अधिक लागत असतील तर उपचारांची दिशाच बदलावी लागते.

जुन्या चिठ्ठीवर कोर्स घेणे मला मुळीच मान्य नाही, आणि आपल्या बाबतीत तर साखरेमुळे अधिकच. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर प्रामुख्याने दुपारनंतर, जेवणावर वाढते. त्यामुळे उपाशीपोटी केलेली तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. झोप उडणे, चिडचिड, भूक आणि रक्तदाब वाढणे हे परिणाम कोर्स चालू असतानाच दिसतात. वारंवार कोर्स झाल्यास हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू, काचबिंदू, तसेच शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी मंदावणे हे धोके असतात. क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तो फार मोठ्या मात्रेनंतरच तुटतो असे नाही. मधुमेह असलेल्या माणसाला चेहऱ्यात तीव्र वेदना, डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे किंवा नाकात काळी खपली अशी लक्षणे असतील तर म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या संसर्गाची) शंका घेऊन तातडीने तपासावे लागते. अशा वेळी परस्पर घेतलेले स्टेरॉइड जिवावर बेतू शकते.

रानवारा

डॉक्टरांनी जे लिहिले आहे त्यात रुग्ण म्हणून एक भर घालावीशी वाटते. मला पॉलिपसोबत दमा आहे आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी माझा श्वास कोंडतो. या त्रिकुटाला सॅम्टर ट्रायड म्हणतात, आणि अशा रुग्णांचे पॉलिप विशेष चिवट असतात. वर्षाला एक-दोन कोर्स हा आकडा वाचताना पुष्कळ लोक फक्त नाकासाठी मिळालेले कोर्स मोजतात. छातीच्या डॉक्टरांनी दम्यासाठी दिलेले आणि त्वचेच्या डॉक्टरांनी पुरळासाठी दिलेले कोर्सही याच हिशेबात धरावे लागतात, कारण हाडांना आणि डोळ्यांना ते कोणत्या कारणासाठी दिले याच्याशी काही देणेघेणे नसते. प्रत्येक कोर्सची तारीख, मात्रा आणि दिवस एका वहीत लिहून ती वही प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या पुढील उपचारांचा विचार सुरू झाला तो ती नोंद पाहूनच.

माझी शस्त्रक्रिया झाली आहे. तिने आजार मुळापासून जातो ही अपेक्षा ठेवू नये. सायनसची तोंडे रुंद होतात आणि पुढे धुण्याच्या पाण्यातून दिलेले औषध आतपर्यंत पोहोचते, हा तिचा खरा लाभ आहे. त्यानंतरही पॉलिप परतल्यामुळे मला आता त्वचेखाली डुपिलुमॅबची, म्हणजे दाहामागील इंटरल्यूकिन ४ व १३ यांचे काम अडवणाऱ्या औषधाची, इंजेक्शने दिली जातात. ते महाग आहे आणि प्रत्येकाला लागतेच असे नाही, पण माझा वास त्याने टिकून राहिला आहे.

प्राजक्त

दोघांचेही आभार. दमा मला नाही आणि वेदनाशामके सोसतात. एक गोष्ट विचारायची राहिली: स्प्रे मारला की औषध लगेच घशात उतरते आणि नाकात काही राहिले असे वाटतच नाही. दुसरे असे, की पुढील भेटीपूर्वी रक्ताची एखादी तपासणी करून घ्यावी का?

कान-नाक-घसा

घशात उतरते याचा अर्थ बहुधा आपण मान मागे टाकता किंवा औषध जोराने ओढता. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवावे; त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. मग मान किंचित पुढे झुकवून उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत स्प्रे मारावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या दिशेने राहते. श्वास अगदी हलका घ्यावा. पडद्यावर सतत फवारा बसला तर रक्त येऊ लागते आणि रुग्ण स्प्रे सोडून देतो, असे मी वारंवार पाहतो.

रक्तातील इओसिनोफिलची संख्या आणि एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) या तपासण्या उपयोगी आहेत, मात्र त्या गोळ्यांचा नवा कोर्स सुरू करण्यापूर्वी व्हाव्यात, कारण स्टेरॉइडने इओसिनोफिल तात्पुरते खाली येतात आणि आजाराचा प्रकार ओळखता येत नाही. साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणीही सोबत करावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर ते आपल्या डॉक्टरांना आधी सांगावे आणि डोळ्यांतील दाब मोजून घ्यावा. पॉलिप दोन्ही बाजूंना आहेत ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब आहे; एकाच बाजूला वाढ असती तर औषधाचा विचार बाजूला ठेवून मी प्रथम तिचा तुकडा तपासणीस पाठवण्याचे पाहिले असते. स्प्रेची पद्धत सुधारून, नाक नियमित धुऊन साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी करावी आणि गोळ्या की शस्त्रक्रिया हा प्रश्न तेव्हा, पॉलिप किती उरले आहेत ते पाहून, आपल्या डॉक्टरांसोबत ठरवावा.