ग्रेट ब्रिटिश बेक ऑफच्या (ब्रिटिश टीव्हीवरची बेकिंग स्पर्धा) तंबूत काय बिघडतं आणि का? (अनुभव धागा)

सायसाखर:
आइस्क्रीम कचऱ्याच्या डब्यात गेल्याची ती क्लिप परत फिरायला लागली आणि २०१४चा अख्खा सीझन आठवला. स्पर्धक इयनचा बेक्ड अलास्का (स्पंज केकवर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग म्हणजे साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर), दुसरी स्पर्धक डायनाने फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवलेलं आइस्क्रीम, इयनचा संताप, आणि मग परीक्षकांपुढे केकऐवजी डबा. तेव्हा सगळा राग डायनावर निघाला होता. आता पाहिलं की वाटतं, खरा घोळ वेळेचा होता. मशीनमधून निघणारं आइस्क्रीम उणे ५-६ अंशांवर असतं, चमच्याने सहज निघेल इतकं मऊ. कापता येण्याजोगं व्हायला त्याला उणे १८ला निवांत तीन-चार तास लागतात. तंबूतल्या फ्रीझरचं दार तर सतत उघडझाप.
ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ बघणाऱ्यांनी लिहा. कुठे काय फसलं, तुमच्या मते का. कोण लाडकं, कोण डोक्यात जातं हेही चालेल, पण कारणासकट.

रवाळ:
सूत्रसंचालिका सू पर्किन्सने तेव्हाच ट्विटरवर सांगितलं होतं की ते बाहेर राहिलं जेमतेम ४० सेकंद! एवढ्यात घट्ट आइस्क्रीमला घामसुद्धा फुटत नाही. एडिटिंगची कमाल.

निमूट:
इयनला बाहेर काढायचा परीक्षक पॉलचा निर्णय मला पटतो. परीक्षकांना चाखायलाच काही नाही तर गुण कशाचे देणार? स्पंज होता, मेरिंग करता आलं असतं, वितळलेलं आइस्क्रीम सॉस म्हणून देता आलं असतं. जे आहे ते ताटात घालायचं, हा तिथला पहिला नियम.

भातुकली:
बेक्ड अलास्काबद्दल एक. आइस्क्रीम ओव्हनमधे टिकतं ते स्पंज आणि मेरिंग या दोघांत अडकलेल्या हवेमुळे, उष्णता आत जायला वेळ लागतो. म्हणून मेरिंगचा थर सगळीकडून किमान २ सेंमी हवा, आणि खाली जिथे ते स्पंजला टेकतं तिथे बोटभरही फट नको. फट राहिली की आइस्क्रीम तिथूनच बाहेर येतं. प्रमाण: एका अंड्याच्या पांढऱ्याला ५०-६० ग्रॅम साखर. इटालियन मेरिंग करायचं तर पाक ११८ ते १२१ अंशांवर, फेटणं चालू ठेवून बारीक धारेने, भांड्याच्या कडेवरून. व्हिस्कवर पडला तर पाक भिंतीला चिकटतो आणि साखरेचे खडे होतात. पूर्ण रचलेला केक परत फ्रीझरमधे अर्धा-पाऊण तास, मग २२० अंशांच्या तापलेल्या ओव्हनमधे ३ ते ५ मिनिटं. जास्त नाही. टॉर्च (स्वयंपाकातला, ज्योतीचा) असेल तर ओव्हनची कटकटच नको.

कुंदकळी:
वाचूनच दमले 😄

बिनसाखरेचा_चहा:
२०१३चं कस्टर्ड कुणी कसं विसरलं? डेबराने चुकून हॉवर्डचं कस्टर्ड आपल्या ट्रायफलमधे (केक, फळं, कस्टर्डचं थरांचं पुडिंग) ओतलं. बिचारा हॉवर्ड, चेहऱ्यावर काही दाखवलंसुद्धा नाही त्याने.

भातुकली:
@बिनसाखरेचा_चहा हो हो! आणि कस्टर्ड हीच त्या तंबूतली सगळ्यात जास्त बिघडणारी वस्तू आहे. कारण तिथे दोन वेगळी कस्टर्डं आहेत आणि दोघांचे नियम उलटे. नुसत्या बलकांचं (५०० मिली दूध-साय, ५-६ बलक, ८०-१०० ग्रॅम साखर) ८२-८४ अंशांवर थांबवायचं, ८५च्या पुढे गेलं की फुटतं. कॉर्नफ्लोर घातलेलं मात्र उकळलंच पाहिजे, बुडबुडे आल्यावरही मिनिटभर ढवळत. घाईत लोक "घट्ट झालं" म्हणून आधीच उतरवतात. बलकात एक एन्झाइम असतं, ते उकळीशिवाय मरत नाही आणि नंतर स्टार्चचे तुकडे पाडत राहतं. मग फ्रिजमधून काढताना घट्ट असलेलं कस्टर्ड परीक्षक येईपर्यंत पातळ. कापताना सगळं बाहेर वाहतं तेव्हा दहातल्या सात वेळा हेच कारण असणार. (आकडा माझा, अंदाजाने 😛)

रवाळ:
अरे वा, हे माहीत नव्हतं. म्हणजे जेली नीट सेट न होण्याचंही असंच काही? ताजा अननस, किवी वगैरे?

भातुकली:
@रवाळ एन्झाइमच, पण वेगळं. ताजा अननस, किवी, पपई जिलेटिनची प्रथिनंच तोडतात. फळ शिजवून घेतलं किंवा डब्यातलं घेतलं की प्रश्न मिटला. आगरला (चायना ग्रास) काही होत नाही.

तात्या_तंबूवाले:
मेल आणि सू या सूत्रसंचालिका गेल्या तिथेच माझा कार्यक्रम संपला. २०१७ला चॅनल ४वर गेल्यावर परीक्षक मेरी बेरीही नाही, जुन्यांपैकी फक्त पॉल. मेल-सू तर स्पर्धक रडायला लागला की शेजारी जाऊन मुद्दाम शिव्या घालायच्या, म्हणजे ते चित्रण वापरता येऊ नये! असं सूत्रसंचालन आता कुठे.

कुंदकळी:
@तात्या नंतरचा सूत्रसंचालक नोएल चांगला आहे हो. स्वेटर बघण्यासाठी तरी बघा.

तात्या_तंबूवाले:
स्वेटर बघायला कपाट आहे घरी.

सायसाखर:
😂😂

हातोहात:
२०१८. राहुल मंडल. फायनलमधे उन्हाने त्याची काचेची बरणी फुटली, टेबलावर काचाच काचा, म्हणून थोडा जादा वेळ दिला. त्यावरून केवढा गदारोळ! अन्नात काच गेल्यावर ते टाकून द्यायलाच हवं, मग वेळ नको? अर्थात कोलकात्याचा मुलगा जिंकला म्हणून मी तटस्थ नाही, हे मान्य.
त्या उन्हाळ्यात चॉकलेटची तर वाटच. डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८पर्यंत उतरवायचं, मग ३१-३२वर आणून काम करायचं. दुधाचं त्याहून एक-दोन अंश खाली, पांढरं आणखी खाली. हे सगळं बरोबर केलं तरी खोली १८-२० अंशांची हवी. तंबू तिशीला टेकला की चॉकलेट ताठ होतच नाही. मग ते फ्रिजमधे ढकलतात, बाहेर काढलं की वर दव धरतं, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढुरके डाग. आणि परीक्षक विचारणार, "चमक कुठे गेली?" उन्हात गेली, अजून कुठे.

निमूट:
@हातोहात अगदी. २०२०ला तर कहर. कोविडमुळे सगळे एसेक्समधल्या हॉटेलात बंदिस्त, आणि ऐंशीचं दशक हा विषय असलेल्या आठवड्यात भर उन्हात आइस्क्रीम केक. इयन प्रकरणानंतरसुद्धा? आव्हान आणि छळ यात फरक असतो. चव, पोत, मापं यांची परीक्षा घ्या ना. हवामानाची कसली घेता?

हातोहात:
+१. हलकाफुलका कार्यक्रम म्हणायचं आणि रडवायचं असं.

खमंग_काकडी:
मी फक्त पाय-टार्टचे भाग बघते. तळ ओला राहतो म्हणून ओरडतात ना, त्याची कारणं तीनच, आणि तरी दरवर्षी लोक तिथेच पडतात.
एक, भांडं. चिनीमातीच्या देखण्या ताटात बेक करतात. ते तापायलाच वेळ घेतं, तोवर लोणी वितळून पीठ भिजतं. पातळ धातूचा साचा घ्यावा आणि ओव्हनमधे आधीपासून तापलेल्या ट्रेवर ठेवावा.
दोन, सारणाशिवाय भाजणं. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, २-३ टेबलस्पून बर्फाचं पाणी, अर्धा तास फ्रिजमधे, ३ मिमी जाड लाटून साच्यात, परत गार. कागद घालून त्यावर कडधान्य काठोकाठ भरायचं. बहुतेक जण तळाला मूठभर टाकतात आणि मग भिंती खाली घसरतात. २०० अंश, १५ मिनिटं. कडधान्य काढून अजून ५-८ मिनिटं, तळ वाळूच्या रंगाचा आणि हाताला कोरडा लागेपर्यंत. ही दुसरी पायरी वेळ वाचवायला गाळतात. मग अंड्याचा पांढरा पुसटसा लावून १-२ मिनिटं, भोकं बुजतात.
तीन, फळांचं पाणी. वरून झाकण असलेल्या पायला आधी भाजता येत नाही, म्हणून फळं साखरेत ठेवून सुटलेला रस वेगळा आटवावा, अर्ध्या किलोला टेबलस्पूनभर कॉर्नफ्लोर, आणि तळावर रवा किंवा बदामाची पूड भुरभुरावी. झाकणाला चीर हवीच. वाफ कोंडली की कडेने फुटतं.

कुंदकळी:
रवा तिकडेही घालतात हे वाचून बरं वाटलं.

बिनसाखरेचा_चहा:
पदार्थ फार आवडला की स्पर्धकाशी हात मिळवायचा, पॉलचा तो हस्तांदोलनाचा सोहळा कुणाला आवडतो का? २०१८मधे तर इतके वाटले की भाव उतरला.

तात्या_तंबूवाले:
मेरीताईंची एक भुवई पुरायची.

पीठमळू:
ब्रेडवाल्या आठवड्याबद्दल कुणीच नाही? लिहितो मग. ओट्याखालचा पीठ फुगवायचा गरम कप्पा हा त्या तंबूतला शत्रू आहे. साध्या ब्रेडला (५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, ३२०-३५० मिली पाणी) तो ठीक, घाई असेल तर. पण ब्रिओश, क्रोसाँ, डॅनिश असले भरपूर लोण्याचे प्रकार त्यात घातलं की संपलं. लोणी ३०च्या आसपास सुटायला लागतं आणि कप्पा त्याहून गरम. मग ट्रेमधे लोण्याचं तळं आणि वर तळल्यासारखा, आतून गच्च पाव. क्रोसाँ २५-२६ अंशांवर दोन तास फुगू द्यायला हवेत, तेवढा वेळ तिथे देतच नाहीत. शिवाय घड्या घालताना लोणी आणि पीठ दोन्ही सारखंच वाकलं पाहिजे, साधारण १३-१५ अंश. लोणी जास्त गार असेल तर आत त्याचे तुकडे पडतात, पापुद्रे तुटक येतात.
फुगलं का हे बोटाने बघायचं. खळगा हळू अर्धवट भरून आला तर भट्टीत. लगेच उसळी मारली तर अजून थांबा. भरलाच नाही तर उशीर झाला. पॉल पाव कापून अंगठा दाबतो ते हेच बघायला. दाबलेलं परत येतं का, आणि खाली ओलसर गच्च पट्टा आहे का. कडेला पाव फाटला असेल तर फुगणं कमी पडलंय किंवा वरून नीट चिरा दिल्या नाहीत.

रवाळ:
@पीठमळू गणपतीच्या आसपास दमट हवेत पाणी कमी करावं का?

पीठमळू:
@रवाळ २०-३० मिली मागे ठेवून मळायला घ्या, लागलं तर घाला. हवेपेक्षा मैदा बदलला की फरक जास्त पडतो. फुगायचा वेळ मात्र घड्याळावर नको.

निमूट:
मेक्सिकन आठवडा (२०२२) कुणी बचाव करून दाखवेल का? बेकिंगच्या स्पर्धेत टाको!

खमंग_काकडी:
@निमूट अवाकाडो बटाट्यासारखा सोललेला बघून मी टीव्ही बंद केला. बाकी मक्याच्या टॉर्टियाचं पीठ आपल्या मक्याच्या पिठासारखं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्यामुळे साध्या पाण्यातही पीठ चिकटून येतं, लाटलं-दाबलं तरी कडा फाटत नाहीत. आपल्या मक्याच्या भाकरीला उकड काढावी लागते ती त्याचसाठी, स्टार्च आधी चिकट व्हायला. दोघांचं फुगणं मात्र एकच. तवा कडक तापलेला, पहिली बाजू थोडाच वेळ, दुसरी पूर्ण, मग उलटून दाबलं की वाफ पापुद्रा उचलते.

तात्या_तंबूवाले:
पॉलला ज्वारीची भाकरी थापायला द्या. बघू कुणाशी हात मिळवतो.

हातोहात:
@तात्या 👏👏 त्याचा हात परातीतच चिकटून बसेल.

कुंदकळी:
अवांतर: तुपात केक करता येतो का? बेक ऑफमधे सगळं लोणी-लोणी.

भातुकली:
@कुंदकळी येतो की. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्ध आणि १६ टक्के पाणी असतं, तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तूप आणि वर १५-२० मिली दूध. तूप पातळ करून नको, रवाळ गोठलेलं घ्या म्हणजे साखरेबरोबर फेटताना हवा धरेल. मीठ घालायला विसरू नका, चिमूटभर.

सायसाखर:
@कुंदकळी आणि तो केक पूर्ण गार झाल्याशिवाय वर क्रीम नको. बटरक्रीम घसरण्याचं तंबूतलं कारण नव्वद टक्के वेळा कोमट केक, बाकी काही नाही.

अंडेविना:
आम्ही अंडं न खाणाऱ्यांनी मेरिंगला काय करायचं? की नुसतं बघत बसायचं?

भातुकली:
@अंडेविना काबुली चण्याचं पाणी. मीठ न घालता शिजवा, पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करा, पूर्ण गार करा. एका पांढऱ्याऐवजी २ टेबलस्पून, साखर तेवढीच, लिंबाचे दोन थेंब, आणि ८-१० मिनिटं फेटणं, कमी नाही. कुरकुरीत हवं तर १०० अंशांवर दीड-दोन तास. बेक्ड अलास्काला लावणार असाल तर ओव्हनमधे नको, अंड्यासारखं ते उष्णतेने घट्ट होत नाही, ढासळतं. टॉर्चने वरवर भाजा.

अंडेविना:
चण्याचा वास नाही येत?

भातुकली:
फेटताना येतो, वाळल्यावर गेलेला असतो. व्हॅनिला घाला.

रवाळ:
आणि शिजलेल्या चण्यांची उसळ.