१०७ सामने जिंकून मिळालं काय? जायंट्सचं २०२१

खाडीकाठ

गेल्या रविवारी सॅन होजेला एका मित्राकडे दहा-बाराजण जेवायला जमलो होतो. बेसबॉलचा, म्हणजे आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचा आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा विषय निघाला आणि एकाने सरळ सांगून टाकलं, "२०२१ मध्ये जायंट्सनी १०७ सामने जिंकून मिळवलं काय? पहिल्याच मालिकेत घरच्या मैदानावर डॉजर्सकडून हरले. सगळं मुसळ केरात." चारजणांनी माना डोलावल्या. मला ते लागलं. तिथे पानं मांडली जात होती म्हणून वाद घातला नाही, इथे घालतो.

माझं म्हणणं असं की डिव्हिजनचं विजेतेपद हेच या खेळातलं सगळ्यात खरं विजेतेपद आहे. जायंट्सनी ते त्या वर्षी कमावलं. ऑक्टोबरात पुढे जे झालं त्याने ते पुसलं जात नाही.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात : मेजर लीग म्हणजे इथली बेसबॉलची सगळ्यात वरची स्पर्धा, तीत ३० संघ आहेत. दोन लीग, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, एका डिव्हिजनमध्ये पाच संघ. प्रत्येकाचे १६२ सामने, त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. जवळजवळ रोज उठून खेळायचं, त्यामुळे एखाद्या दिवसाच्या उसन्या अवसानावर भागत नाही. २०२१ मध्ये नियम असा होता की डिव्हिजन जिंकणारा थेट पाच सामन्यांच्या मालिकेत जाणार, आणि उरलेल्यांतले दोन चांगले संघ आपसांत वाइल्ड कार्डचा एकच सामना खेळणार. हरला तो घरी.

आमच्या नॅशनल लीग वेस्टमध्ये डॉजर्स लागोपाठ आठ वर्षं पहिले आले होते आणि आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकून बसले होते. सॅन दिएगोच्या पाद्रेसकडेही तगडा संघ होता. जायंट्सना बहुतेक जाणकारांनी तिसरं ठरवून टाकलं होतं. मुख्य खेळाडू सगळे तिशी उलटलेले. बस्टर पोझी तर २०२० चा अख्खा सीझन घरी होता, कारण नुकत्याच दत्तक घेतलेल्या जुळ्या मुली वेळेआधी जन्मलेल्या होत्या आणि कोविड सुरू होता. तो परत आला आणि .३०४ च्या सरासरीने खेळला.

मला त्या वर्षातल्या दोन गोष्टी डोळ्यांसमोर दिसतात. पहिली १७ सप्टेंबरची, अटलांटाविरुद्ध. बरोबरीमुळे सामना नेहमीच्या नऊ इनिंग ओलांडून ११व्या इनिंगमध्ये गेला, बेसेस भरलेल्या, म्हणजे तिन्ही बेसवर आमचे गडी, आणि बाकावर फलंदाज शिल्लकच नाही. मग केव्हिन गॉसमनला बॅट देऊन पाठवलं. गॉसमन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याने चेंडू आउटफिल्डमध्ये पुरेसा लांब उडवला, झेल घेतला गेला, पण तिसऱ्या बेसवरचा गडी धावत घरी पोचला. ६-५. दुसरी ब्रँडन बेल्टची. त्याने सप्टेंबरात गमतीत स्वतःला कॅप्टन जाहीर केलं आणि छातीवर काळ्या चिकटपट्टीचं 'सी' अक्षर लावून खेळला. दोन आठवड्यांनी डेन्व्हरला बंट करायला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता हलकेच ढकलायला गेला आणि चेंडू डाव्या अंगठ्यावर बसला. अंगठा मोडला, त्याचा सीझन संपला. २९ होम रन (आपल्या षटकारासारखे) मारलेला माणूस गेला तेव्हा सहा सामने उरले होते आणि डॉजर्स हरायला तयार नव्हते. त्या सहापैकी पाच जायंट्सनी जिंकले. शेवटच्या दिवशी, १६२व्या सामन्यात, पाद्रेसवर ११-४. पिचर लोगन वेबने त्या दिवशी स्वतः होम रन मारला, आयुष्यातला पहिला. जायंट्स १०७, डॉजर्स १०६.

१८८३ पासूनच्या या क्लबचे एका वर्षात इतके विजय कधीच झाले नव्हते. याला 'केरात' म्हणायचं?

निळी_टोपी

मी लॉस एंजेलिसचा, त्यामुळे कुठल्या बाजूने बोलणार ते उघड आहे. तरी मुद्दा ऐक.

तू डिव्हिजनच्या विजेतेपदाला 'सगळ्यात खरं' म्हणतोस. त्याच वर्षी अटलांटाने नॅशनल लीग ईस्ट जिंकली, ८८ विजयांवर. आम्ही १०६ जिंकले आणि आम्हाला वाइल्ड कार्डची सुरी मानेवर. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या संघाने त्याआधी कधीही इतके सामने जिंकले नव्हते. सेंट लुइसविरुद्ध नवव्या इनिंगपर्यंत १-१ होतं. ख्रिस टेलरने होम रन मारला म्हणून वाचलो, नाहीतर १०६ विजयांचं एका रात्रीत पाणी झालं असतं. अटलांटा मात्र थेट आत, कारण त्यांचे शेजारी कमजोर.

म्हणजे डिव्हिजन हा निव्वळ भूगोल आहे. तुझं घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर पहिला नंबर ठरतो. आणि त्याच ८८ वाल्या अटलांटाने पुढे आम्हाला हरवलं, ह्यूस्टनला हरवलं आणि वर्ल्ड सिरीज नेली. इतिहासात २०२१ चा विजेता म्हणून त्यांचंच नाव आहे.

खाडीकाठ

तुमच्यावर अन्याय झाला हे मी त्या वर्षीही म्हणत होतो. पण तो अन्याय ऑक्टोबरच्या रचनेने केला, डिव्हिजनने नाही. डिव्हिजनने तुम्हाला आणि आम्हाला एकाच तराजूत घातलं. आपसांत १९ सामने खेळवले, आम्ही १० जिंकले, तुम्ही ९. बाकीचे प्रतिस्पर्धीही बहुतेक तेच. याहून सरळ मोजमाप दाखव.

अंकगणित

मोजमापच हवं असेल तर हे घ्या. २०२१ मध्ये डॉजर्सनी केलेले रन वजा दिलेले रन : २६९. जायंट्सचे : २१०. एकूण वर्षात कोणता संघ जास्त चांगला खेळला याचं याहून चांगलं एकच माप क्वचितच सापडेल. विजयांतला एकाचा फरक म्हणजे १६२ मध्ये एक चेंडू इकडे की तिकडे पडला, एवढाच. मला जायंट्स आवडतात, पण भावनेला आकड्यांचा मुलामा देऊ नये.

मीनल_फ्रीमॉन्ट

अंकगणित, १५-० ने जिंकलं तरी तो एकच विजय असतो हो. खेळाडू सामना जिंकायला उतरतात, वजाबाकी वाढवायला नाही. त्या वर्षी जायंट्सच्या राखीव फलंदाजांनी बाकावरून उठून १८ होम रन मारले. पिंच हिटरच्या होम रनचा मेजर लीगमधला विक्रम आहे तो. अडीच-तीन तास बसून राहायचं, अंग थंड झालेलं, आणि नेमका तोच एक चेंडू मारायचा. जवळचे सामने असे जिंकले जातात. त्याला मी नशीब म्हणणार नाही.

घोडबंदर

मी ठाण्यातून बघतो, सकाळी चहाबरोबर. बेसबॉलमध्ये नवा, क्रिकेटमध्ये मुरलेला.

खाडीकाठ, तुमचं दुःख समजतं, पण आपण भारतीयांनी तरी हा युक्तिवाद करू नये. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये साखळीत आपण पहिले होतो, मँचेस्टरला न्यूझीलंडकडून सेमीफायनल हरलो. २०२३ मध्ये सेमीफायनल धरून ओळीने दहा जिंकले आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला काय झालं ते सांगायला नको. कप ऑस्ट्रेलियाकडे आहे. मोठ्या दिवशी दडपणाखाली उभं राहता येणं हेसुद्धा कौशल्यच आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठं. वर्षभर वर्गात पहिला येणारा मुलगा बोर्डाच्या पेपराला गडबडला तर गुणपत्रिका बोर्डाचीच लागते.

मीनल_फ्रीमॉन्ट

कप ऑस्ट्रेलियाकडे आहे, मान्य. पण २०२३ ची ती दहा सामन्यांची टीम आठवली की अजून ऊर भरून येतो की नाही ते खरं सांगा. आमच्याकडे शमीचे सात बळी आजही जेवताना निघतात. ते कुणी परत घेऊन गेलं नाही.

आणि दडपणाचं म्हणाल तर १४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र ऐका. दुसऱ्या दिवशी दसरा. मी टीव्हीसमोर झेंडूचं तोरण ओवत बसले होते. मालिका २-२. आधीचे सगळे धरून दोन्ही संघांचे त्या वर्षातले विजय सारखे, प्रत्येकी १०९. नवव्या इनिंगमध्ये बेलिंजरच्या फटक्याने डॉजर्स २-१ पुढे. आमची शेवटची पाळी, दोन बाद, पहिल्या बेसवर आमचा ब्रायंट, समोर डॉजर्सचा पिचर शेर्झर. विल्मर फ्लोरेसने बॅट अर्धी हलवून थांबवली, चेंडू बाहेर. अशा चेंडूवर बॅट फिरली तर स्ट्राइक, नाही फिरली तर बॉल; तीन स्ट्राइकला फलंदाज बाद. पहिल्या बेसच्या अंपायरने मूठ वर केली. स्ट्राइक, बाद, खेळ खल्लास. पुन्हा पुन्हा दाखवत होते, बॅट पुढे आलीच नव्हती. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. दोन स्ट्राइक आधीच झाले होते आणि शेर्झरसमोर फ्लोरेसने पुढे काही केलं असतं असं मी छातीठोक म्हणत नाही. पण यात दडपणाखाली कोण उभं राहिलं आणि कोण नाही? एका माणसाच्या मुठीवर वर्ष संपलं.

जुना_कँडलस्टिक

तुम्ही सगळे तरुण आहात, म्हणून १९९३ कुणी काढलं नाही. मी काढतो.

मी या देशात आलो तेव्हा जायंट्स कँडलस्टिक पार्कला खेळत. उन्हाळ्यातही तिथे स्वेटर घालून बसावं लागे, खाडीवरचा वारा हाडात शिरायचा. १९९३ ला बॅरी बाँड्स हा मोठा फलंदाज नवा आला होता. जुलैत जायंट्सची आघाडी जवळजवळ दहा सामन्यांची. तेव्हा अटलांटा आमच्याच वेस्टमध्ये होतं आणि वाइल्ड कार्ड नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. डिव्हिजन जिंकलात तर ऑक्टोबर, नाहीतर घर. अटलांटाने जुलैत फ्रेड मॅक्ग्रिफ या फलंदाजाला आणलं आणि एकेक सामना करत अंतर खाऊन टाकलं. शेवटच्या दिवशी दोघांचे १०३. अटलांटा जिंकलं. आमचा सामना लॉस एंजेलिसला, डॉजर्सशी. त्यांना त्यातून काहीही मिळणार नव्हतं. १२-१ ने धुतलं आम्हाला. मी गाडीत बसून रेडिओवर ऐकलं आणि कितीतरी वेळ इंजिन बंद करून तसाच बसलो. १०३ विजय, आणि पुढे एकही सामना नाही.

तारीख होती ३ ऑक्टोबर. १९५१ मध्ये न्यू यॉर्कला बॉबी थॉमसनने ज्या होम रनवर डॉजर्सना हरवलं तीही ३ ऑक्टोबरच. १९६२ च्या बरोबरीनंतरचा डॉजर्सशीच झालेला निर्णायक सामना, तोही ३ ऑक्टोबर. आणि २०२१ ला वेबने होम रन मारला त्या दिवशी कॅलेंडरवर पुन्हा ३ ऑक्टोबर. मी त्या दुपारी रडलो.

निळी_टोपी, तुझं वाइल्ड कार्डचं दुखणं मला कळतं. पण एक बघ. तो एका सामन्याचा फास इतका भयंकर होता म्हणूनच सप्टेंबरात दोन्ही संघ जिवाच्या आकांताने खेळले. दुसरा नंबर कुणालाच नको होता. २०२२ पासून वाइल्ड कार्डला तीन सामन्यांची मालिका केली. न्याय वाढला असेल, पण १०६ आणि १०७ मधली दरी बुजली. २०२१ सारखी शर्यत आता होईल असं मला वाटत नाही.

निळी_टोपी

काका, १९९३ चा त्रास मोठा आहे, त्यावर मी बोलणार नाही.

पण नव्या रचनेने न्याय वाढला म्हणता, तर २०२२ बघा. आम्ही १११ जिंकले, डिव्हिजन जिंकली, आणि आमच्यापेक्षा २२ विजय कमी असलेल्या पाद्रेसनी आम्हाला मालिकेत ३-१ ने बाहेर काढलं. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये कुणीही 'डिव्हिजन तर जिंकली' म्हणून पेढे वाटले नाहीत. पराभव तो पराभव.

आणि मीनल, फ्लोरेसची मूठ तुम्हाला आठवते, पण २२ जुलै आठवते का? डॉजर स्टेडियम, नववी इनिंग, आम्ही ३-२ पुढे, दोन बाद, बेसेस भरलेल्या, तीन बॉल दोन स्ट्राइक. तुमच्या डॅरिन रफने आमचा पिचर जान्सेनच्या चेंडूवर बॅट फिरवली. पहिल्या बेसचा अंपायर म्हणाला, फिरवली नाही. चौथा बॉल, म्हणजे फलंदाजाला पहिला बेस फुकट, बाकीचे एकेक बेस पुढे, आणि बरोबरीचा रन चालत घरी आला. आमचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स भांडले तर त्यांनाच बाहेर काढलं. पाठोपाठ लामाँट वेडने दोन रन आणले, ५-३.

आता हिशेब करा. तो स्विंग दिला असता तर आम्ही १०७ आणि जायंट्स १०६. हे 'सगळ्यात खरं विजेतेपद' सुद्धा एका अर्ध्या फिरलेल्या बॅटवरच उभं आहे. मग १६२ सामन्यांचा तराजू आणि एका रात्रीची मूठ यात फरक काय राहिला?

घोडबंदर

हा मुद्दा बिनतोड आहे.

खाडीकाठ

दोन दिवस यावर विचार करत होतो. तो स्विंगच होता. मी तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं आणि घरात आनंदाने ओरडलो होतो, तरी तो स्विंग होता. तो सामना तुमच्या खात्यात टाकला तर डिव्हिजनही तुमची, यातून मला पळवाट नाही.

फरक मात्र आहे. २२ जुलैला अंपायर चुकला त्यानंतर डॉजर्स दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरले. त्यांच्यापुढे साठहून जास्त सामने होते. आठवड्यात त्यांनी शेर्झर आणि ट्रे टर्नरला आणलं, आम्ही ब्रायंटला. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघे बरोबरीत आले, म्हणजे ती चूक भरून निघाली होती! तिथून पुन्हा शून्यापासून शर्यत झाली आणि आमच्या घरच्या ओरॅकल पार्कवरच्या त्या तीन सामन्यांपैकी दोन आम्ही जिंकले. फ्लोरेसला दुसरा दिवस नव्हता. माझं डिव्हिजनवर प्रेम आहे ते यासाठी. त्यात चुका होत नाहीत असं नाही, चुकीनंतरचा दिवस त्यात असतो.

पोझी त्या नोव्हेंबरात निवृत्त झाला. पुढच्या वर्षी संघ ८१-८१ वर आला. ती माणसं पुन्हा तशी जमली नाहीत. म्हणून कुणी 'मिळालं काय' म्हटलं की मला राहवत नाही.

जुना_कँडलस्टिक

चुकीनंतरचा दिवस. १९९३ ला आम्हाला ४ ऑक्टोबर नव्हता.

निळी_टोपी

सप्टेंबरात बरोबरी झाली होती हे मी सोयीस्कर विसरलो, मान्य. त्या तीन सामन्यांत आम्ही कमी पडलो. पण खाडीकाठ, अंकगणितच्या २६९ आणि २१० ला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, आणि मीनलचं १५-० मला पटलेलं नाही.